तुम्ही विचारलंत म्हणून: खेळाडू सोडून पालकांनाच का सांगता?

बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंच्या आरोग्यावर मी पालकांचे वर्ग घेते, आणि दर वेळी कुणीतरी विचारतंच: "सवयी त्यांना लावायच्या, मग शिकवता यांना का? त्यांना कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?"

कळतं हो. पण किराणा कोण भरतं? शर्यत संपल्यावर बक्षीस म्हणून गोड पेयाची बाटली कोण हातात देतं? स्पेशल ऑलिम्पिक्स या अशाच खेळाडूंसाठीच्या जागतिक क्रीडा संघटनेच्या 'हेल्दी अॅथलीट्स' उपक्रमात १९९७पासून या खेळाडूंचे डोळे, कान, दात, पाय तपासले जातात. तपासणीत हिरड्या सुजलेल्या दिसल्या, तरी रोज रात्री ब्रशची आठवण करायला घरातलंच माणूस लागतं. वजनाचंही तेच. डाउन सिंड्रोम या जन्मजात स्थितीत थायरॉइड मंदावलेलं असू शकतं, वर्तनाच्या त्रासावर दिल्या जाणाऱ्या रिस्पेरिडोनसारख्या औषधाने भूक वाढते. डॉक्टरांकडे हा विषय काढणार कोण?

इथवरचं उत्तर मला पाठ आहे. पुढचं मी सहसा सांगत नाही.

डाउन सिंड्रोम असलेला एक जलतरणपटू, वय तिशीचं. खाऊ नजरेआड ठेवा, असं मी त्याच्या आईला सांगितलं होतं. त्यांनी कपाटाला कुलूप घातलं. वजन उतरलं, आई खूश, मीही खूश. तो मात्र मला टाळायला लागला. एकदा तर पाण्यात उतरेचना. काठावर बसून राहिला. खूप विचारल्यावर म्हणाला, "ताई, तुमच्या घरी कपाटाला कुलूप आहे?"

"नाही."

"मग माझ्या का?"

आई शेजारीच होत्या. त्या भडकल्या, पण माझ्यावर: "झोपेत याचा श्वास अडकतो तेव्हा जागं कोण असतं? तुम्ही?"

प्रेडर-विली सिंड्रोम असता तर मी ठाम बोलले असते. त्यात भूक शमतच नाही, अन्न कुलपात ठेवणं हा उपचाराचाच भाग असतो. याला ते नव्हतं. याला खायला आवडायचं, तुम्हा-आम्हाला आवडतं तसंच. आणि आईंची भीतीही खोटी नव्हती. वजन वाढलं की झोपेतला श्वास आणखी अडकतो.

कुलूप मी सांगितलं नव्हतं, असं मी स्वतःला बरेच दिवस बजावलं. खरंच नव्हतं सांगितलं. पण त्या वर्गात तोही बसला असता, तर 'नजरेआड' हा शब्द मी उच्चारला असता का?

आता खेळाडूंनाही वर्गात बसवते. वर्ग लांबतात, मायलेकांची माझ्यासमोरच जुंपते. त्याच्या घरी पदार्थांची चित्रं लावून आठवड्याचं जेवण दोघं मिळून ठरवतात. कुलूप निघालं. वजन पुन्हा थोडं चढलंय. आई म्हणतात, परत लावते. तो म्हणतो, लावून बघ. दोघंही माझ्याकडे बघतात, आणि मी डॉक्टरांची पुढची तारीख विचारते.