मागचा चढा लागतोय

इंग्लंडात जुनी एमजीबी गाडी बाळगायची म्हणजे सहा दिवस तिच्याखाली आडवं पडायचं आणि सातव्या दिवशी आभाळाकडे बघून ठरवायचं, बाहेर काढायची की नाही. माझी १९७२ ची. दोन माणसांची, गडद हिरवी, कापडी टपाची. तिचा अ‍ॅबिंग्डनचा कारखाना १९८० साली बंद पडला, पण आमच्या घरापासून ते गाव वीस मिनिटांवर आहे. म्हणजे बाई माहेराजवळच नांदतेय.

ती दुर्मीळ वगैरे अजिबात नाही. अठरा वर्षांत पाच लाखांहून जास्त निघाल्या. त्यामुळे सुटा भाग कुठलाही मागवा, दोन दिवसांत दारात. १९८८ पासून तर बॉडीचा अख्खा नवा सांगाडासुद्धा मिळतो, जुन्याच साच्यांवर काढलेला. चाळिशी उलटलेल्या गाडीला रोड टॅक्स माफ आणि वार्षिक तपासणीची सक्ती नाही. एवढं सगळं ऐकल्यावर मराठी माणूस फसणार नाही तर काय करणार?

कोंबडी चार आण्याचीच होती. मसाला निघाला दाराखाली. तिथे सिल नावाची पत्र्याची लांब पोकळ पेटी असते. या गाडीला वेगळी चासी नाही, ही पेटीच तिचा कणा. वरून रंग झकास होता. मी सहज स्क्रू ड्रायव्हर टेकवला, तर पोह्याचा पापड मोडावा तसा आवाज आला आणि विटकरी भुगा चपलेवर सांडला. बरं, सडका पत्रा कापून नवा जोडावा म्हटलं तर तसंही नाही. डोक्यावर छप्पर नसलेल्या गाडीचा कणा कापला की ती मधोमध वाकते आणि मग दारं जन्मात लागत नाहीत. म्हणून आधी दाराच्या चौकटीत लोखंडी आडवे बार ठोकायचे, मगच कापाकापी. ते सगळं एका निवृत्त वेल्डरआजोबांनी केलं. मी चहा केला.

माझ्या वाट्याला आले कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला पाजणारे. एसयू कंपनीचे, दोन, एकापुढे एक. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन, स्किनर बंधूंची कंपनी. घरचा धंदा पादत्राणांचा, म्हणून त्यांच्या सुरुवातीच्या कार्बोरेटरला चक्क चामड्याचा भाता होता. बाजाच्या पेटीला असतो तसा! पुढे भाता गेला, दट्ट्या आला, पण हवा ओढणं तेच. दोघांनी सारखी हवा ओढली तर इंजिन गुळगुळीत चालतं, नाहीतर सिग्नलला उभं राहिलं की आचके देतं. हे जुळवायचं साधन म्हणजे हातभर रबरी नळी. एअर फिल्टर काढायचे, नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानाला. सूंऽऽ ऐकायचं. मग दुसऱ्याचं. दोन्ही सारखे येईतो स्क्रू पिळायचे. मी तीन रविवार पिळले. मला दोन्ही सारखेच वाटायचे आणि गाडी आचके द्यायची.

त्या उन्हाळ्यात आई आली होती. आई मिरजेची, तंबोऱ्यांच्या गावातली, आणि बरीच वर्षं गाणं शिकलेली. चौथ्या रविवारी ती गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली.

"अरे, कान का तपासतोयस?"

मी सांगितलं. तिनं हात पुढे केला.

"पदर खोच आधी. पुढे पंखा फिरतोय."

पदर खोचून तिनं नळी कानाला लावली, डोळे मिटले. पुढचा ऐकला, मागचा ऐकला, परत पुढचा.

"मागचा चढा लागतोय."

"मोठा?"

"मोठा नव्हे रे. चढा. उतरव जरा."

मी मागचा स्क्रू पाव फेरा सैल केला.

"अजून. अजून किंचित. अंहं, गेला, बसला खाली. वर घे. हळू… हां. हात काढ."

मी हात काढला. इंजिन आचका न देता चालत होतं. फेंडरवर ठेवलेल्या बशीतला चहासुद्धा नुसता थरथरत होता. मी घाईघाईनं दोन्ही कार्बोरेटरांना जोडणाऱ्या दांडीचा क्लॅम्प आवळला, न जाणो पुन्हा बिनसायचं. आईनं नळी खाली ठेवली नव्हती. ती इंजिनाच्या वरच्या झाकणाकडे मान कलती करून ऐकत होती.

"आणि हे टक टक काय चाललंय?"

"ते टॅपेट, झडपा ढकलणारे. ते असतंच. जरा वाजलेले बरे म्हणतात इथले मेकॅनिक."

"कोण म्हणतं? ठेका सोडून वाजतंय एक. तेही लावून घे." आणि पदर सोडत ती आत वरण उतरवायला गेली.