देवासाठीची फुलं

आमचा योगवर्ग पहाटे साडेपाचला. मे महिन्यात नागपुरात माणसासारखं वागता येईल अशी तेवढीच वेळ. वर्ग विनामूल्य, ही सवय या शहराला रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाने लावली.

वर्ग सुटला की धरमपेठेतून परतताना आमच्यातल्या निम्म्या लोकांच्या खिशातून कॅरीबॅगा निघतात. एकाजवळ तर काठी आहे, टोकाला तारेची आकडी. कंपाउंडबाहेर झुकलेली जास्वंदाची फांदी आकडीत अडकवायची, खाली ओढायची, फुलं खुडायची नि सोडून द्यायची. ती सपकन वर जाते आणि पानांवरची धूळ आपल्या डोक्यात. मी विनाकाठीचा. ताडासनात टाचा उचलायचा सराव इथं फार उपयोगी पडतो, हे कबूल करतो.

परवा सरांनी शवासनाआधी विचारलं, "योगाच्या आठ अंगांत आसन हे तिसरं. पहिली दोन कुठं ठेवून आलात?" पतंजलींची सूत्रं दोनशेला थोडी कमी, त्यातली आसनावर तीन. यम-नियम ही पहिली दोन अंगं, म्हणजे कसं वागायचं ते, मात्र त्यांनी आधीच मांडून ठेवलीत. अहिंसा, सत्य वगैरे आम्ही माना डोलवत ऐकलं. संतोषाचं तर विचारूच नका, रविवारी ठेल्यावर "तर्री अजून टाक ना बावा" म्हणणारे आम्हीच. अस्तेयाला, म्हणजे चोरी न करण्याला, मात्र मी अडलो. चोरी म्हणजे पाकीट, सायकल. फुलं तर देवासाठी!

घरी येऊन त्या सूत्रांवरचं व्यासभाष्य काढलं. यम जात, देश, काळ, प्रसंग यांनी अडत नाहीत, म्हणून ते महाव्रत, असं सूत्र आहे. त्यावर भाष्यकार सवलतींची उदाहरणं देतात. कोळी म्हणतो, मी फक्त मासेच मारीन. दुसरा म्हणतो, देवाब्राह्मणांसाठीच मारीन, एरवी नाही. मी पुस्तक मिटलं. माझी सबब इतकी जुनी असेल असं वाटलं नव्हतं. पुढच्या सूत्रांत तर स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि नुसतं चालवून घेतलेलं, तिन्ही एकाच ओळीत बसवलंय. म्हणजे फुलं कुठून आली हे कधीही न विचारता हार ओवणारी आमची सौ.सुद्धा आली त्यात. तिला अजून सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी जास्वंदाच्या बंगल्यापाशी मावशी ओट्यावर पेपर वाचत बसलेल्या. आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "मावशी, चार फुलं घेऊ का?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "घ्या ना जी. रोज नेऊनच तर राहिले तुम्ही. फक्त त्या कळ्या सोडा, उद्या फुलतीन."

आकडीवाल्यानं काठी हळूच पाठीमागे घेतली.