उच्चारांवरून होणारी ओळख

इंग्लंडच्या यॉर्कशर भागातल्या लीड्स शहरात राहायला आल्यापासून माझ्या म्हणण्याआधी माझ्या उच्चारांकडे लोकांचे लक्ष जाते, आणि "तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न दुकानाच्या गल्ल्यावरही कानी पडतो. तो बहुधा आपुलकीनेच विचारलेला असतो. मराठीत ट आणि ड उच्चारताना जीभ मागे वळून टाळूला लागते, इंग्रजीत ती वरच्या दातांमागच्या हिरडीला टेकते. शिवाय इंग्रजीतले 'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांचे दोन वेगळे ध्वनी आपण एकाच 'व'मध्ये बसवतो, आणि शब्दाच्या ठरावीक भागावर जोर देण्याची तिथली रीत आपल्या अंगवळणी पडलेली नसते. फोनवर आडनाव सांगताना मला एकेक अक्षर सुटे करून सांगावे लागते, त्याचे काही वाटत नाही. नोकरीच्या मुलाखतीत मात्र उत्तरापेक्षा उच्चारच तोलला जातो आहे असे जाणवले, की ते जिव्हारी लागते. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात वंश आणि राष्ट्रीय मूळ यांना संरक्षण आहे, पण उच्चारशैलीचा स्वतंत्र उल्लेख नाही, आणि ही उणीव मला गंभीर वाटते. स्पष्ट, सावकाश बोलण्याची जबाबदारी मी आनंदाने घेतो; परंतु उच्चार पुसून टाकण्यासाठी शिकवणी लावण्याचा सल्ला मला मान्य नाही, कारण माझे यॉर्कशरचे शेजारीही लंडनच्या लोकांपेक्षा वेगळे बोलतात आणि त्याचा त्यांना अभिमान आहे.