अर्ध्या तासाचा बाक

परवा दुपारी स्टेशनच्या बाकावर डबा उघडताना सहज मनात आले की, मला एकट्याने जेवताना पाहिलेला माणूस आता आमच्या कार्यालयात एकही उरलेला नाही. एक जुने शिपाई होते, ते मागच्या वर्षी निवृत्त झाले. बाकीच्यांनी मला टिपणी लिहिताना पाहिले आहे, साहेबांची बोलणी खाताना पाहिले आहे, मार्चअखेरीस रात्री नऊ वाजता खुर्चीत पेंगताना पाहिले आहे. एकट्याने भाकरीचा घास तोंडात घालताना मात्र पाहिलेले नाही.

यात कुणाशी भांडण नाही, हे आधीच सांगितलेले बरे. आमच्या भागात एकटा जेवणारा माणूस दिसला की त्याचे कुणाशी तरी बिनसले असावे, नाहीतर त्याच्या डब्यात काहीतरी झाकण्यासारखे असावे, असे लोक धरून चालतात. ‘‘काऊन जी, काही बिनसलं काय?’’ हा प्रश्न सुरुवातीची दोन वर्षे मला इतक्या जणांनी विचारला की शेवटी मी पित्ताचे निमित्त सांगून मोकळा झालो. पित्त ही मोठी सोयीची व्याधी आहे, कारण तिचा रिपोर्ट कुणी मागत नाही. तोटा झाला तो एवढाच की कार्यालयात कुणाला करपट ढेकर आला तरी तो आजही माझ्याकडे औषध विचारायला येतो, आणि मीही आता सराईतपणे आवळा-सुंठीचा उपाय सांगतो.

कार्यालयातले जेवण आस्थापना शाखेत होते. दोन टेबले जोडून त्यांवर आदल्या दिवशीचा पेपर अंथरला जातो, डबे उघडतात आणि ‘‘घ्या नं, थोडंसं तरी घ्या नं’’ असा आग्रह सुरू होतो. वऱ्हाडातला आग्रह ज्याने सोसला आहे त्याला तो समजावून सांगण्याची गरज नाही. माझा डबा टेबलभर फिरून माझ्याकडे परत येईपर्यंत त्यात वांग्याचे देठ आणि थोडी तर्री उरलेली असे, आणि माझ्यासमोर चार प्रकारच्या चार चमचे भाज्या जमलेल्या असत, ज्यांतली एकही माझ्या तोंडाला अजून ओळखीची झालेली नसे. तोवर महागाई भत्ता, बदल्या आणि कुणाच्या मुलाला नीटमध्ये किती गुण पडले ही चर्चा एकदा होऊन दुसऱ्यांदा सुरू झालेली असे. माणसे वाईट मुळीच नाहीत. माझ्या आईच्या आजारपणात हीच माणसे यवतमाळच्या दवाखान्यात रात्रभर आळीपाळीने बसली होती. पण जी सकाळी पावणेदहापासून माझ्यासमोर आहेत आणि सायंकाळी सव्वासहापर्यंत राहणार आहेत, त्यांना मधल्या वेळात आणखी नवे काय सांगायचे, हे मला आजवर उमगलेले नाही.

मधला वेळ म्हणजे तरी किती? दुपारी एक ते दोनच्या दरम्यान जास्तीत जास्त अर्धा तास. 2020 च्या फेब्रुवारीअखेरीस पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, कार्यालयाच्या वेळा मागेपुढे सरकल्या, पण हा अर्धा तास होता तेवढाच राहिला. त्यातली चार मिनिटे जाण्यात आणि चार मिनिटे येण्यात जातात. उरलेली बावीस मिनिटे माझी असतात, आणि दिवसाच्या चोवीस तासांत तेवढीच माझी असतात, असे कुणी म्हटले तर मी फारसा वाद घालणार नाही.

चार मिनिटांवर शकुंतला या छोट्या रेल्वेगाडीचे बंद पडलेले स्टेशन आहे. यवतमाळ ते मूर्तिजापूर असा सुमारे 113 किलोमीटरचा हा अरुंद मार्ग. दोन रुळांमधले अंतर अवघे 762 मिलिमीटर असल्यामुळे माझ्यासारखा बेताच्या उंचीचा माणूसही दोन्ही रुळांवर एकेक पाय ठेवून आरामात उभा राहू शकतो. वऱ्हाडातला कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला पोचावा म्हणून इंग्रज कंपनीने हे रूळ घातले, आणि 1921 साली त्याच मँचेस्टरात घडवलेले वाफेचे इंजिन 1994 पर्यंत त्यांवरून धावत होते. धावत होते हा शब्द केवळ रीत म्हणून वापरायचा. लहानपणी या गाडीत बसल्यावर शिदोरी सोडावी, सावकाश जेवावे, हात धुवावे, लहान भावाचे आंबट तोंड पुसावे, तरी पुढचे स्टेशन आलेले नसे. नंतर डिझेलचे इंजिन आले आणि गेल्या काही वर्षांत तेही यायचे थांबले. आता फलाटावर कमरेएवढा तरोटा वाढतो, तिकिटाच्या खिडकीत साळुंक्या राहतात, आणि कडुनिंबाखालचा सिमेंटचा एक बाक तेवढा शाबूत आहे. त्याचा डावा कोपरा फुटलेला आहे. तिथे पाण्याची बाटली बरोबर अडकते.

एक ते दीडच्या सुमारास तिथे सातभाई येतात. हे पक्षी एकटे कधी आढळत नाहीत. सात-आठ जणांचा घोळका पाचोळा उलथीत, एकमेकांवर खेकसत, एकाने उकरलेला किडा दुसऱ्याने पळवीत पुढे सरकत असतो. त्यांना पाहिले की मला आस्थापना शाखेची आठवण येते. मग ते निघून गेल्यावर रुळांच्या पलीकडून एखादा भारद्वाज येतो. विटकरी पंखांचा, लाल डोळ्यांचा, पाठीमागे हात बांधून फिरणाऱ्या मोजणीदारासारखा तो दबकत चालतो, काहीतरी टिपतो आणि झुडपात शिरतो. त्याला कुणी विचारत नाही की काऊन जी, काही बिनसलं काय. उलट भारद्वाज दिसला की आमच्याकडे शुभ मानतात.

होळीनंतर मात्र हा बाक सोडावा लागतो. पारा 44 अंशांच्या वर गेला की त्या सिमेंटवर भाकर शेकता येईल. मग मृगापर्यंत माझा मुक्काम रेकॉर्ड रूममध्ये असतो. लाल कापडात बांधलेल्या बस्त्यांच्या सोबतीने जेवणे वाईट नाही, पण जुन्या कागदाचा वास वरणात उतरतो.

एकट्याने जेवण्यात काही खोटेपणा करावा लागतो, तोही कबूल करायला हवा. आमच्या घरी डबा भरताना अजूनही वाटणीचा हिशेब असतो. मागच्या हिवाळ्यात सौभाग्यवतींनी ‘‘सगळ्यांना पुरतील’’ म्हणून अकरा पाटोड्या आणि वेगळ्या डब्यात झणझणीत रस्सा दिला. त्या बाकावर बसून मी अकराच्या अकरा खाल्ल्या. सायंकाळी विचारणा झाली तेव्हा सगळ्यांना आवडल्याचे सांगितले, आणि तेवढ्यावर न थांबता नाझरसाहेबांनी तर दोनदा मागून घेतल्याचे सांगितले. नको तिथे तपशील घालण्याची ही नोकरीतली सवय असावी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नाझरसाहेबांच्या पत्नी घरी आल्या आणि त्यांना अगत्याने सांगण्यात आले की तुमच्या यांच्यासाठी पुन्हा पाटोड्या पाठवीन. त्या बाईंनी शांतपणे सांगितले की, यांना तर बेसन चालतच नाही. त्यानंतर आमच्या डब्यात मोजून तीन पाटोड्या येऊ लागल्या. त्यावर आमच्या घरी आजवर एक अक्षरही बोलले गेलेले नाही.

परंतु रस्सा पुरेसा असतो, आणि एकट्याने जेवण्याचे खरे सुख त्या रश्शाचा भुरका मारण्यात आहे. आमच्या घरी भुरका मारायला बंदी होती. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्यांचा शिस्तीवर, शुद्धलेखनावर आणि तोंड मिटून जेवण्यावर सारखाच भर असे. कढी पिताना कुणाचा आवाज झाला तर ते काही बोलत नसत, नुसते पाहत, आणि तेवढ्याने वाटी खाली ठेवली जाई.

त्यांची शाळा आमच्या गावापासून पाच-सहा किलोमीटरवर होती. मी चौथीत असताना, दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या गावची शाळा उघडायला एक दिवस बाकी होता म्हणून, त्यांनी मला सायकलच्या दांडीवर बसवून सोबत नेले. त्या गावात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपासून दोन तट पडलेले होते. मास्तर वरच्या आळीत जेवले तर खालची आळी रुसायची आणि खालच्या आळीत चहा घेतला तर वरच्या आळीतली पोरे दोन दिवस शाळेत यायची नाहीत. त्यामुळे बाबा कुणाकडेच जेवत नसत. दुपारची सुट्टी होताच ते मला म्हणाले, ‘‘तू पोरांत बस, मी आलोच,’’ आणि पिशवी घेऊन नाल्याकडे निघाले. पोरांत माझी ओळख नव्हती. मी थोड्या वेळाने त्यांच्या मागे गेलो.

नाल्यापलीकडे एक जुनी विहीर होती. तिच्यावर इंजिन बसले होते आणि मोटेची धाव नुसतीच उरली होती. त्या धावेच्या उतारावर बाबा बसले होते. टोपी आणि सदरा सिंदीच्या झाडाला अडकवलेला, अंगात बंडी, पाय लांब पसरलेले. त्यांनी दगडावर कांदा ठेवला आणि मुठीने फोडला. भाकरीवर जवसाची चटणी, चटणीत बोटाने केलेला खळगा आणि त्या खळग्यात तेल. तेल बोटांवरून मनगटाकडे ओघळले तेव्हा त्यांनी ते मनगट चाटले. मग फिरकीच्या डब्याचे झाकण काढले, डबा दोन्ही हातांनी तोंडाला लावला, आणि असा लांबलचक, दणदणीत भुरका मारला की तारेवर बसलेला कोतवाल पक्षी उडाला. डबा खाली ठेवून ते कुणीच नसलेल्या विहिरीकडे पाहून हसले.

मी पावलांचा आवाज न करता मागे फिरलो. त्या रात्री घरी कढीच होती आणि धाकट्याने नेहमीप्रमाणे आवाज केला. बाबांनी त्याच्याकडे पाहिले. मी बाबांकडे पाहिले. त्यांना काही कळले असेल असे वाटत नाही. पण पुढे कित्येक वर्षे मला त्यांची भीती थोडी कमी वाटत असे.

हे सगळे मी एकदा नाझरसाहेबांना सांगितले. पाटोड्यांचे प्रकरण झाल्यावर काहीतरी खुलासा करणे भागच होते. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले, बाबांच्या भुरक्याला हसलेही. मग चष्मा पुसत म्हणाले, ‘‘तुम्ही हौसेनं वेगळे बसता जी. माह्या आजाले वेगळं बसवत होते. सगळी पंगत उठल्यावर, ज्याचं भांडं त्यानं घरून आनायचं. म्हनून मी टेबलावर बसतो, भाजी अळणी असली तरी.’’

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि आजही नाही. गाडगेबाबा आमच्याच वऱ्हाडातले. हजारोंच्या पंगती उठवणारा तो माणूस स्वतः गाडग्यात भाकर घेऊन खात असे, हे त्या क्षणी माझ्या तोंडावर आले होते. पण ते बोललो असतो तर फार उथळ दिसले असते, कारण गाडगेबाबांचे गाडगे सर्वांना एका पंगतीत बसवण्यासाठी होते आणि माझा बाक पाटोड्या खाण्यासाठी आहे. त्यानंतर आठवडाभर मी आस्थापना शाखेत जेवलो. नाझरसाहेबांनी आपल्या डब्यातली अंबाडीची भाजी माझ्यापुढे सरकवली, मी माझे भरीत सरकवले. आठव्या दिवशी त्यांनीच विचारले, ‘‘आज पित्त नाही काय जी?’’ आणि डोळे मिचकावून दाराकडे मान हलवली.

मागच्या सोमवारची गोष्ट. एक वाजून पाच मिनिटांनी मी डबा घेऊन स्टेशनवर पोचलो, तर बाकावर कुणीतरी बसलेले होते. आमच्याच कार्यालयात तीन महिन्यांपूर्वी रुजू झालेली महसूल सहायक; परीक्षा देऊन थेट कोल्हापूरकडून इकडे आलेली मुलगी. तिची माझ्याकडे पाठ होती. चपला काढून तिने पाय बाकावर घेतले होते, पाण्याची बाटली डाव्या कोपऱ्यातल्या फुटक्या जागी अडकवली होती, आणि ती डब्यातल्या लोणच्याची फोड चोखत रुळांकडे पाहत होती. मी कडुनिंबाच्या अलीकडेच थांबलो. पायाखाली पाचोळा होता, त्यामुळे वळताना बराच वेळ लागला.

रेकॉर्ड रूममध्ये, ऐन थंडीत, 1968 सालच्या बस्त्यांशेजारी मी तो डबा संपवला.

मंगळवारी एकला दहा मिनिटे कमी असतानाच मी उठलो.