शॅननचं वार्षिक जेवण आणि स्क्रममधले शेजारी

आयर्लंडमधल्या लिमरिकच्या शॅनन रग्बी क्लबच्या वार्षिक जेवणाचा कार्यक्रम ठरलेला असतो. अध्यक्षांचं स्वागत, खजिनदारांचा हिशेब, प्रायोजकांचे आभार, वर्षभर चांगलं खेळलेल्या मुलांना चषक आणि मग रॅफल. हे सगळं रीतसर पार पडतं, पडायलाच हवं, पण त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. मी वर्षभर वाट बघते ती त्यानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासाची. ताटं उचलली जातात, चहा येतो आणि जुन्या खेळाडूंपैकी कुणीतरी खुर्ची मागे सरकवून उभं राहतं. हातात कागद नसतो. आवाज बेताचाच, लिमरिकच्या हेलातला, मागच्या टेबलांना ऐकायला कान द्यावा लागतो. पहिल्या वाक्यापासून तो बोलतो ते त्याच्या शेजाऱ्याबद्दल.

शेजारी म्हणजे स्क्रममधला. ज्यांनी रग्बी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते: स्क्रममध्ये दोन्हीकडचे आठ-आठ गडी एकमेकांना घट्ट धरून वाकतात आणि समोरच्यांना रेटतात. पुढे तिघं, मधे हूकर आणि दोन्ही बाजूंना प्रॉप. त्यांच्या मागे दोन उंच लॉक, मग उरलेले तीन. ज्याचा खांदा तुमच्या खांद्याला लागलेला आहे, ज्याच्या मुठीत तुमची जर्सी आहे, तो ढिला पडला तर मान तुमची जाते. त्यामुळे ही माणसं तीस-चाळीस वर्षांनीही सांगतात ती कुणी किती गुण केले ही गोष्ट नसते. डाव्या हाताला कोण होतं, मागून कुणाचा रेटा यायचा आणि तो कसा कधी कमी पडला नाही, हे सांगतात. कोल्हापूरच्या तालमीत पैलवान आधी वस्तादाचं नाव घेतो आणि मग स्वतःचं सांगतो, तशीच ही रीत. मी कोल्हापूरची, म्हणूनही असेल, पण हे भाषण ऐकताना माझा गळा दरवर्षी दाटून येतो.

आम्ही नोकरीनिमित्त इकडे आलो आणि मुलगा शाळेतल्या मित्रांच्या मागोमाग क्लबात जायला लागला, तेव्हापासून मी इथली. त्याआधी रग्बी पाहिली होती ती फॅशन स्ट्रीटवरून येता-जाता, बॉम्बे जिमखान्याच्या कुंपणापलीकडे, भर पावसात. इथे आल्यावर मुलाला मैदानावर सोडून गाडीत बसून राहायचा कंटाळा आला, म्हणून चहाच्या टेबलामागे उभी राहिले आणि तिथलीच झाले.

क्लबची स्थापना 1884 ची. मूळ घर सेंट मेरीज पॅरिश, म्हणजे शॅनन आणि अ‍ॅबी या दोन नद्यांच्या मधलं किंग्ज आयलंड. त्याच बेटावर किंग जॉनचा किल्ला आहे. जेवणाच्या शेवटी सगळे उभे राहून त्या बेटाचं गाणं म्हणतात आणि लहान पोरांनाही ते तोंडपाठ असतं. डब्लिनमध्ये रग्बी मोठ्या फीच्या शाळांतून वाढली. लिमरिकमध्ये ती गोदीकामगारांनी खेळली, डॉक्टरांनी खेळली आणि एकाच संघात खेळली. इथल्या माणसांना याचा अभिमान आहे आणि आता मलाही आहे.

यशाबद्दल बोलायचं तर देशभरच्या क्लबांची ऑल-आयर्लंड लीग 1990-91 मध्ये सुरू झाली. पहिलं विजेतेपद कॉर्क कॉन्स्टिट्यूशनने नेलं, त्यानंतर सलग सात वर्षं चषक लिमरिक शहराबाहेर गेला नाही. गॅरीओवेन, यंग मन्स्टर, पुन्हा गॅरीओवेन आणि मग 1995 ते 1998 अशी चार वर्षं ओळीने शॅनन. त्या चार वर्षांचे प्रशिक्षक नायल ओ'डोनोव्हन, जे स्वतः याच क्लबाकडून आठ नंबरला, म्हणजे स्क्रमच्या अगदी मागे, खेळलेले. पुढे 2002, मग 2004, 2005, 2006 आणि 2009. एकूण नऊ. यातली पहिली चार वर्षं म्हणजे नेमका संधिकाल, कारण 1995 च्या ऑगस्टमध्ये रग्बी व्यावसायिक झाली. संघाने पहिला चषक उचलला तेव्हा सगळेच हौशी होते. चौथा उचलेपर्यंत त्यातल्या काहींना मन्स्टरचा, म्हणजे लिमरिक ज्यात येतं त्या प्रांताच्या संघाचा, पगार सुरू झाला होता आणि बाकीचे सोमवारी सकाळी कामावर हजर होते.

भाषणांत सगळ्यात जुनी म्हणून निघतात ती 31 ऑक्टोबर 1978 ची नावं. त्या दिवशी लिमरिकच्या थॉमंड पार्क मैदानावर मन्स्टरने न्यूझीलंडच्या ऑल ब्लॅक्सना 12-0 असं हरवलं. त्या दौऱ्यात ऑल ब्लॅक्स दुसऱ्या कुणाकडूनही हरले नाहीत. मन्स्टरच्या त्या आठ फॉरवर्डपैकी, म्हणजे स्क्रममधल्या गड्यांपैकी, तिघं शॅननचे: प्रॉप गेरी मॅक्लॉक्लिन, लॉक ब्रेंडन फोली आणि फ्लँकर कॉलम टकर. मॅक्लॉक्लिन म्हणजे सगळ्यांचे 'लॉकी'. 1982 मध्ये ट्विकनमला इंग्लंडविरुद्ध त्यांनी ट्राय केला, म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे बॉल टेकवला, आयर्लंडने सामना 16-15 असा जिंकला आणि त्या वर्षी ट्रिपल क्राउन, म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स तिघांनाही हरवण्याचा मान, आला. हेच लॉकी पुढे लिमरिकचे महापौर झाले. टकर यांचं मला फार वाटतं. आयर्लंडने त्यांना मोजून तीन सामने दिले, आणि त्याच माणसाची 1980 मध्ये ब्रिटिश अँड आयरिश लायन्स या चारही देशांच्या एकत्रित संघात निवड होऊन दक्षिण आफ्रिकेत ते दोन कसोट्या खेळले. आपल्या देशाच्या निवड समितीला जे दिसलं नाही ते चार देशांच्या समितीला दिसलं. क्लबातले लोक ही गोष्ट अजून जिव्हारी लागल्यासारखी सांगतात. टकर 2012 मध्ये गेले.

ब्रेंडन फोलींचा मुलगा अँथनी त्या सामन्याच्या आदल्याच दिवशी पाच वर्षांचा झाला होता. त्याच्याबद्दल लिहिताना हात थोडा थांबतो. तो किलालूचा, शॅनन नदीच्या वरच्या अंगाचा. बापासारखाच आधी शॅनन, मग मन्स्टर, मग आयर्लंड. 1995 मध्ये इंग्लंडविरुद्ध पहिल्याच आंतरराष्ट्रीय सामन्यात त्याने ट्राय केला आणि पुढे देशासाठी 62 सामने खेळला. त्याची बहीण रोझी हीसुद्धा आयर्लंडकडून रग्बी खेळली, हे भाषणात आवर्जून सांगितलं जातं आणि ते सांगितलं गेलं की माझ्या टेबलावरच्या बायका टाळ्या जरा जोरातच वाजवतात. 2006 च्या मे महिन्यात कार्डिफला मन्स्टरने बियारिट्झला 23-19 असं हरवून हायनेकेन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांचा सगळ्यात मोठा चषक, पहिल्यांदा जिंकला, तेव्हा कर्णधार अँथनी होता. त्या दिवशी मन्स्टरची पुढची फळी मार्कस होरान, जेरी फ्लॅनरी, जॉन हेज, तिघंही शॅननचे. स्क्रमच्या बाजूने गुपचूप पळून ट्राय करणारा छोटासा पीटर स्ट्रिंगर, तोही शॅननचा. विंगवर इयन डाउलिंग, आणि नंतर मैदानात उतरलेला अ‍ॅलन क्विनलन. बाहेरचं जग त्याला मन्स्टरचा विजय म्हणतं आणि ते बरोबरच आहे. क्लबात मात्र त्या संघाचा फोटो बघताना बोटं एकेका चेहऱ्यावर टेकत जातात आणि प्रत्येक वेळी 'आपला' असा उच्चार होतो.

16 ऑक्टोबर 2016 ला अँथनी पॅरिसमध्ये संघाच्या हॉटेलात झोपेतच गेला. मन्स्टरचा मुख्य प्रशिक्षक होता, वय 42. पुढच्या शनिवारी थॉमंड पार्कवर ग्लासगोविरुद्ध सामना झाला तेव्हा मन्स्टरने अँथनीची आठ नंबरची जर्सी कुणालाच दिली नाही. सी. जे. स्टँडर त्या जागी खेळला तो 24 नंबर घालून. त्यानंतरच्या एका जेवणाला अँथनीबरोबर खेळलेले एक गृहस्थ बोलायला उठले. दोन्ही कान चुरगळून गोळा झालेले, प्रॉपचे असतात तसे. त्यांनी चषकांचा विषयच काढला नाही. बॉल स्क्रमच्या तळाशी आला की अँथनी मागून एकच शब्द हळू बोलायचा आणि तेवढ्यावर सात जणांना पुढचं सगळं कळायचं, एवढंच ते सांगत राहिले. तो शब्द कोणता, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. हात टेबलाच्या कडेला घट्ट धरलेला होता. सभागृहात कप-बशीचाही आवाज नव्हता.

मिक गॉल्वीबद्दलची भाषणं वेगळी, हशा पिकवणारी. तो केरी काउंटीचा. 1986 मध्ये गेलिक फुटबॉल या आयरिश देशी खेळाचं ऑल-आयर्लंड विजेतेपद जिंकणाऱ्या केरीच्या ताफ्यात होता, मग रग्बीत आला, 1993 मध्ये लायन्सबरोबर न्यूझीलंडला गेला. मन्स्टरचा कर्णधार म्हणून 2000 आणि 2002 असे हायनेकेन कपचे दोन अंतिम सामने हरला, पहिला तर 9-8 असा एका गुणाने. चार वर्षं ओळीने लीग जिंकणाऱ्या शॅननचा तो कणा होता, आणि तरुण पोरांना त्याने खेळाइतकंच बसमध्ये एकत्र बसायला शिकवलं असं सांगतात.

जॉन हेज माझा सगळ्यात आवडता, हे लपवत नाही. कॅपामोरचा शेतकरी. अठराव्या वर्षाच्या आसपास ब्रफ क्लबात पहिल्यांदा रग्बीचा बॉल हातात धरला, मग शॅनन, मग न्यूझीलंडला जाऊन खेळून-शिकून परत. 27 फेब्रुवारी 2010 ला आयर्लंडसाठी 100 सामने पूर्ण करणारा तो पहिला खेळाडू ठरला. शेवटी आकडा 105 वर थांबला आणि त्याबद्दल त्याने कधी गाजावाजा केला नाही. बाहेर गेलेला बॉल परत आत फेकतात त्या लाइनआउटमध्ये उडी मारणाऱ्याला उचलून धरायचं आणि स्क्रममध्ये उजवी बाजू कोसळू द्यायची नाही, ही त्याची कामं. टीव्हीवर ज्याचं तोंड दिसतं तो वरचा, खालून पेलणारा हेज असायचा.

आमच्याच फॉरवर्डमधल्या एडी हॅल्वीचं नाव घेतलं नाही तर क्लबात मला चहा मिळणार नाही. आणि अँड्र्यू थॉम्पसन. लीगमध्ये त्याच्या पायाने किती सामने काढून दिले! तो किक मारायला उभा राहिला की सगळं मैदान चिडीचूप व्हायचं. पाहुण्या संघाच्या किकरलाही इथे तीच शांतता मिळते, हा लिमरिकचा शिरस्ता आहे.

पण भाषणात खरा वेळ जातो तो ज्यांना आयर्लंडची कॅप, म्हणजे देशाकडून खेळायची संधी, कधीच मिळाली नाही त्यांच्यावर. दिवसभर काम करून मंगळवारी-गुरुवारी रात्री दिव्याखाली सराव, शनिवारी सामना, रविवारी अंग शेकत बसायचं आणि सोमवारी पुन्हा काम. 2004 ते 2006 च्या त्या तीन विजेतेपदांत अशी माणसं बरीच होती, कारण मोठे खेळाडू मन्स्टर आणि आयर्लंडकडे अडकलेले असायचे. त्यांची नावं मी इथे छापत नाही, ते आजही साधी घरगुती माणसं आहेत. पण जेवणाला त्यांचं नाव पुकारलं जातं तेव्हा त्यांच्या बायका-मुलांकडे बघावं.

आता कामाच्या माणसांबद्दल, कारण दरवेळी कुणीतरी राहून जातं आणि मला मग झोप लागत नाही. नावं छापलेली त्यांना आवडत नाहीत, म्हणून कामावरून ओळखून घ्या. पहाटे मैदानावर पांढऱ्या रेघा मारणारे आजोबा. पंधरा जर्सींचा चिखल आधी थंड पाण्यात काढून मगच मशीनला लावणाऱ्या मावशी. हॅम आणि अंडं-मेयोनीजची सँडविचेस त्रिकोणी कापून ओल्या फडक्याखाली झाकून ठेवणाऱ्या तिघी, आणि माझ्यासाठी दरवर्षी एक ताट बिनमांसाचं न विसरता बाजूला काढणारी चौथी. चहाच्या मोठ्या भांड्याचा नळ गळतो तो दरवर्षी दुरुस्त करणारे प्लंबरकाका. माइक लावणारा मुलगा. रॅफलची तिकिटं विकणाऱ्या दोघी बहिणी. पट्ट्या-बर्फाची पेटी घेऊन प्रत्येक सामन्याला उभे राहणारे डॉक्टर. भिंतीवरचे जुने फोटो उतरवून, काच पुसून, त्याच खिळ्याला परत लावणारे. संघाची बस रात्री-अपरात्री उत्तरेतून परत आणणारे चालक. वर्षभरात गेलेल्या सभासदांची नावं वहीत नीट उतरवून वाचून दाखवणाऱ्या बाई. भांडी घासायला थांबणारी अठराच्या आतली पोरं. शेवटी दिवे मालवणारे. आणि हो, मुलांना शिकवणारे सगळे आईबाप, विशेषतः पावसात शिट्टी फुंकणारे.

एक गोष्ट मनात आहे ती बोलून टाकते. रॅफल झालं की पालकांची बरीच टेबलं रिकामी होतात. सकाळी पोरांचा सामना असतो, घरी आया ठेवलेली असते, कारणं मला समजतात. पण नेमकं त्यानंतरच तर ते भाषण असतं! ज्या पोरांना अँथनी फोलीसारखं व्हायचंय त्यांच्या आईबापांनी तेवढा अर्धा तास बसायला काय हरकत आहे? आणि आपली मराठी मंडळी! लिमरिकमध्ये इस्पितळांत, कंपन्यांत आपण आता पुष्कळ आहोत. मन्स्टरचा मोठा सामना असला की तिकिटांसाठी मला आठवडाभर फोन येतात, लाल स्कार्फ घालून फोटोही निघतात. त्याच संघाचे खेळाडू जिथे घडले त्या क्लबाचा सामना चार मैलांवर असतो, गाडी लावायला जागा असते, चहा मी स्वतः ओतते आणि ओळखीचं एक तोंड दिसत नाही. नव्वदच्या दशकात लीगच्या सामन्यांना इथे हजारोंनी लोक यायचे, जागा मिळायची नाही. 2009 नंतर शॅननकडे लीगचा चषक आलेला नाही, ही खंत आहेच. पण जिंकण्याच्या वर्षांतच यायचं असेल तर त्याला प्रेक्षक म्हणता येईल, सभासद कसं म्हणणार?

यंदा जेवणाच्या तिकिटांची यादी माझ्याकडे आहे. आपल्यापैकी चार कुटुंबांनी जरी टेबल घेतलं तरी मी आनंदाने भाकरी-पिठलं करून आणीन, स्वयंपाकघराची परवानगी आधीच काढून ठेवली आहे. तोवर कूनाच्या मैदानावर शनिवारी दुपारी अडीचला सामना असतो, पोरांना घेऊन या आणि छत्रीऐवजी टोपीचा रेनकोट घाला, म्हणजे मागच्यांनाही सामना दिसेल.