अमेरिकेत पिडियाट्रिक्ससाठी अर्ज: फाइलमध्ये मूल दिसलं पाहिजे

नीट-पीजीत रँक आली की बाकी काही कुणी विचारत नाही. अमेरिकेतल्या रेसिडेन्सीला, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या तिथल्या प्रशिक्षणाला, अख्खी फाइल वाचतात. पिडियाट्रिक्सची फाइल वाचताना पहिली शंका हीच असते: याला खरंच मुलांचा डॉक्टर व्हायचंय, की इंटर्नल मेडिसिन हुकलं तर असू दे म्हणून अर्ज टाकलाय? २०२४ च्या मॅचमध्ये, म्हणजे उमेदवार आणि प्रोग्रॅमच्या जोड्या लावणाऱ्या वार्षिक फेरीत, पिडियाट्रिक्सच्या २५२ जागा भरल्या नाहीत. म्हणून इथे कुणालाही घेतात, असं मात्र समजू नका.

परीक्षेचं थोडक्यात. अमेरिकेत डॉक्टरकीच्या परवान्यासाठी ‘स्टेप’ नावाच्या तीन परीक्षा असतात. जानेवारी २०२२ पासून स्टेप वन नुसती पास-नापास आहे, त्यामुळे दुसरीच्या, म्हणजे स्टेप टू सीकेच्या गुणांवर सगळा भार येतो. अर्ज प्रोग्रॅमना सप्टेंबरच्या शेवटी दिसतात आणि निकालाला दोन ते चार आठवडे लागतात. परीक्षा जुलैअखेर उरकावी.

खरी मेहनत शिफारसपत्रांवर करायची. एका प्रोग्रॅमला जास्तीत जास्त चार पत्रं जातात. त्यांतली तीन बालरोगतज्ज्ञांची आणि निदान दोन अमेरिकेत तुमचं काम पाहिलेल्यांची असावीत. ऑब्झर्व्हरशिपमध्ये, म्हणजे नुसतं बघत शिकण्यात, पेशंटला हात लावता येत नाही, मग पत्र लिहिणारा तरी काय लिहिणार? ‘वेळेवर येतो, मेहनती आहे’ एवढंच. हँड्स-ऑन इलेक्टिव्ह, म्हणजे प्रत्यक्ष पेशंट तपासायला मिळणारं रोटेशन, बहुतेक ठिकाणी विद्यार्थी असेपर्यंतच मिळतं, म्हणून त्याची आखणी फायनल इयरच्या आधीच सुरू करा. एमबीबीएस संपल्यावर जागे होणाऱ्यांची इथेच अडचण होते.

इलेक्टिव्हला जाण्याआधी तिथल्या कामाची सवय करून घ्या. पॅरासिटामॉलला तिथे ॲसिटॅमिनोफेन म्हणतात. डोस मात्र तोच, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. वाढीचा तक्ता दोन वर्षांपर्यंत डब्ल्यूएचओचा आणि पुढे सीडीसी या अमेरिकी आरोग्यसंस्थेचा. आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा, आयएपीचा, तिथे चालत नाही. राउंड बहुतेकदा आईवडिलांसमोरच होतो, तेव्हा केस सांगताना ‘रेस्पिरेटरी डिस्ट्रेस’ म्हटल्यावर लगेच साध्या शब्दांत त्यांनाही समजवायचं असतं. दोन वर्षांच्या मुलाला आईच्या मांडीवरच तपासायचं, छाती आधी ऐकायची आणि कान-घसा शेवटी, कारण ते एकदा रडायला लागलं की छातीतलं काही ऐकू येत नाही. एवढं नीट जमलं की पत्रात लिहिण्यासारखं समोरच्याला आपोआप मिळतं. रोटेशन संपताच आठवड्याच्या आत पत्र मागा, सोबत सीव्ही आणि तुम्ही सांभाळलेल्या चार-पाच केसेसची टिपणं द्या. ते पत्र स्वतः वाचण्याचा हक्क सोडल्याची खूण अर्जात करायला विसरू नका, नाहीतर पत्राचं वजन घटतं.

अर्जात दहाच अनुभव बसतात, प्रत्येकी ७५० अक्षरांत, आणि त्यांतले तीन सर्वात महत्त्वाचे म्हणून निवडायचे असतात. तिथे ‘लसीकरण शिबिरात मदत केली’ लिहून जागा वाया घालवू नका. आशाताईंच्या वहीवरून गोवर-रुबेलाचा डोस चुकलेली किती मुलं शोधलीत, घरी जाऊन आईला काय सांगितलंत आणि त्यातली किती डोस घ्यायला आली, हे लिहा. पालघर किंवा मेळघाटच्या पोषण पुनर्वसन केंद्रात काम केलं असेल तर ते नक्की वरच्या तिनांत ठेवा. तीव्र कुपोषित बाळाला एफ-७५ या सुरुवातीच्या उपचाराच्या दुधावरून वजन वाढवणाऱ्या एफ-१०० वर कधी आणि का नेलं, हे अनुभवातून सांगणारा उमेदवार तिथे विरळा. फक्त दया दाखवणारी भाषा नको. त्या आईनं काय केलं, तेही येऊ द्या. आकडे तुमच्या नोंदवहीतलेच हवेत, मुलाखतीत त्यांच्यावरच खोदून विचारतात.

पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे अर्जासोबतचं स्वतःबद्दलचं लेखन, एका पानाचं. ‘मला मुलं आवडतात’ हे वाक्य काढा. एक मूल, त्याचा आजार आणि त्यानंतर तुमच्या कामात झालेला एक बदल पुरतो. मेडिसिनसाठीचं स्टेटमेंट शब्द बदलून वापरलं तर लगेच कळतं.

एमएसपीई, म्हणजे विद्यार्थ्याच्या कामगिरीबद्दल कॉलेजनं द्यायचं पत्र, हे आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजांत ठाऊक नसतं. मे महिन्यातच डीनच्या ऑफिसात नमुना घेऊन जा, गुणपत्रिका सोबत न्या आणि दर पंधरा दिवसांनी विचारा.

व्हिसाची ओळ प्रत्येक प्रोग्रॅमच्या पानावर आधी वाचा. जे-१ हा एक्सचेंज व्हिसा बऱ्याच ठिकाणी चालतो, पण एच-१बी हा नोकरीचा व्हिसा हवा असेल तर स्टेप थ्री आधी पास व्हावी लागते आणि अनेक प्रोग्रॅम तिचा निकाल रँक लिस्ट, म्हणजे मॅचसाठीची पसंतीची यादी, देण्याच्या आत मागतात.