सहा कांड्यांचा बर: ४२चा संच पुरा, आता पोकळीचे बर

बर म्हणजे खाचा पाडलेल्या लाकडी कांड्या एकमेकींत अडकवून जुळवायचं कोडं. त्यातला खाचांचा संच कापून झाला. माप नेहमीचंच: १८ × १८ मिमी सागवान, म्हणजे एक घर ९ मिमी, लांबी आठ घरं, ७२ मिमी. नुसत्या करवतीच्या आडव्या छेदांनी होणारे आणि भरीव (आत पोकळी नसलेल्या) बरात चालणारे आकार २५च. काही एकाहून जास्त लागतात, म्हणून ४२ कांड्या केल्या की ३१४च्या ३१४ भरीव जुळण्या होतात. पात्यात जाणारं लाकूड धरून सव्वातीन मीटर पट्टी पुरते. गाठ असलेला भाग सरळ टाकून द्यावा, खाचेत आला की तिथेच टवका उडतो.

खाच प्रत्येक वेळी पेन्सिलीने आखू नये, चूक साठत जाते. करवतीला ठोकळा लावून सगळ्या कांड्यांचा तोच छेद एका दमात घ्यावा.

फट किती ठेवायची हे ऋतूवर आहे. लाकूड जाडीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. खाचेची रुंदी लांबीच्या दिशेने मोजली जाते, ती तशीच राहते. तिच्यात बसणारी कांडी मात्र जाड होते. मे महिन्यात ०.१ मिमी फटीवर लोण्यासारखा सरकणारा बर जुलैत हलत नाही. १८ मिमी सागाला पाव मिलिमीटर धरावा, आणि चार घरांच्या खाचेत दोन कांड्या शेजारी येतात, तिथे अर्धा. कानस मारायची तर खाचेच्या बाजूंना मारा, कांडीला नको.

भरीव बर जुळवायला डोकं खातो, सोडवायला नाही: पहिल्याच हालचालीत तुकडा किंवा गट सुटतो. म्हणजे पातळी १ (पातळी म्हणजे पहिला तुकडा सुटेपर्यंत लागणाऱ्या हालचाली). पातळी वाढते ती आतल्या पोकळीमुळे. पोकळी मोजणं सोपं आहे. सहाही कांड्यांतून काढलेली घरं, म्हणजे ९ मिमीचे घन, मोजा, त्यातून ४० वजा करा. शून्य आलं तर भरीव.

बर कोड्यांचे अभ्यासक बिल कटलर यांनी सहा कांड्यांच्या बरच्या सगळ्या शक्य जुळण्या संगणकावर मोजल्या; १९९०मध्ये पुरी झालेली ती मोजणी ३५,६५,७१,३१,२३५ जुळण्यांची. त्यांच्याच १९८४च्या 'बिल्स बॅफलिंग बर'ची पातळी ५ आणि उकल एकच. ब्रूस लव्ह यांचा 'लव्हज डझन' पातळी १२ला जातो, सहा कांड्यांत याहून वर काही नाही. पण त्याला उकली अनेक. त्यामुळे नुसत्या पातळीवर भुलू नये. हातात सुटे तुकडे असतील तर एकच उकल असलेला पातळी ५चा बर जास्त छळतो.

आता आतल्या कोपऱ्यांच्या, म्हणजे नुसत्या करवतीने न होणाऱ्या कांड्या. पटाशीने कोपरा काढण्यापेक्षा खाच पूर्ण कापून ९ मिमीचा घन परत चिकटवणं बरं. घनाच्या रेषा कांडीच्या रेषांना समांतर हव्यात, नाहीतर पावसाळ्यात सांधा उकलतो.

कडा मारायच्या त्या फक्त टोकांच्या. आतल्या कडा गोल केल्या तर कांडी फिरवून आडवाटेने काढता येते, आणि बरटूल्स (अशी कोडी सोडवणारा संगणक प्रोग्राम) फक्त सरळ सरकवणी मोजतं, फिरवणं त्याला दिसतच नाही.